रेंजला शिव्या देण्याआधी: ऑफिसच्या ईपीएबीएक्सला सिमचा गेटवे जोडताना या चुका टाळा

ईपीएबीएक्स म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या फोनांना बाहेरच्या लाइनी वाटून देणारं मशीन, आणि गेटवे म्हणजे आत सिम घालून त्या मशीनला लँडलाइनसारखी लाइन देणारा डबा. उदगीरच्या एका डाळमिलमधून आठवड्यात चारदा फोन यायचा. मालक म्हणायचे, "सकाळी समदं ठीक असतंय बघा, अकरा वाजले की चारीबी लाइनी एंगेज. मुनीम डबा बंद करून चालू करतोय, मग तासभर चालतंय." निदान त्यांनीच करून ठेवलं होतं: टॉवरची रेंज. दोनदा सिम बदलून झालं, गच्चीवर अँटेनाही चढवून झाला.

लातूरहून गेलो. गेटवेची वायर ईपीएबीएक्समधून काढून साध्या टेबलफोनला लावली, माझ्या मोबाइलवर कॉल केला, उचलला आणि मोबाइल कट केला. रिसीव्हर कानालाच होता. एंगेज टोन आला, पण तो आपला नव्हता. आपल्याकडचा टोन 400 हर्ट्झचा, पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद थांबतो. हा अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचा आणि दोन सूर मिसळलेला. गेटवेच्या सेटिंगमध्ये देश अमेरिका होता, कारखान्यातून आला तसाच! समोरच्यानं फोन ठेवला हे ईपीएबीएक्सला त्या टोनवरूनच कळतं. टोन ओळखीचा नसला की ते लाइन धरून बसतं. असे चार कॉल झाले की चारही लाइनी अडकल्या. देश भारत केला आणि त्या दिवसापासून मुनीमजींचं बटणाचं काम सुटलं. दोन्ही मशीनमध्ये पोलॅरिटी रिव्हर्सलची (फोन उचलला-ठेवला की लाइनचं प्लस-मायनस उलटं करण्याची) सोय असेल तर तीही चालू करा. फोन कधी उचलला आणि कधी ठेवला हे मग टोनवर अवलंबून राहत नाही, आणि नुसती रिंग वाजली तरी कॉलच्या हिशेबात मिनिटं पडत नाहीत.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी अशाच, दोन डब्यांच्या मधल्या असतात. म्हणून तपासणीचा क्रम मोडू नका. सिम आधी मोबाइलमध्ये घालून कॉल करून बघा. मग गेटवेला साधा फोन लावून. ईपीएबीएक्स सगळ्यात शेवटी. पहिल्या दोन्ही ठिकाणी कॉल नीट झाला तर टॉवरचा दोष नाही, हे वाद न घालता मान्य करा.

डायल टोनच येत नाही

गेटवेचा एफएक्सएस, म्हणजे लाइन देणारा पोर्ट ईपीएबीएक्सच्या सीओ, म्हणजे बाहेरची लाइन घेणाऱ्या ट्रंक पोर्टलाच जायला हवा. घाईत तो ऑफिसातले फोन जोडतात त्या एक्स्टेन्शनच्या पट्टीवर ठोकला जातो. मग दोन्हीकडून व्होल्टेज येतं, घेणारं कुणीच नाही. कधीकधी पोर्ट जळतोही.

सिम चढतच नाही

जिओचं 2जी आणि 3जी नेटवर्कच नाही, त्यामुळे जुन्या 2जी गेटवेत ते सिम कितीही पुसून घातलं तरी चालणार नाही. डब्यावर 4जी छापलंय एवढ्यावरही जाऊ नका. ते नुसतं डेटासाठी असू शकतं, कॉलसाठी व्होल्टी, म्हणजे 4जीवरूनच आवाज नेण्याची सोय लागते. परदेशी माल स्वस्तात मिळाला असेल तर आपल्याकडच्या 4जीचे लहरींचे पट्टे, म्हणजे बँड 3, 5 आणि 40 आहेत का ते विकत घेण्याआधी विचारा. सिमला पिन लॉक असेल तर मोबाइलमध्ये घालून काढून टाका.

रेंज खरंच नाही

असंही असतं, नाही कसं? जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये किंवा मोंढ्यातल्या पत्र्याच्या शेडात, लोखंडी कपाटात गेटवे कोंबला तर बिचारा काय करील! गेटवेच्या सेटिंगच्या पानावर सिग्नल 0 ते 31 अशा आकड्यात दिसतो. 10 म्हणजे उणे 93 डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप), त्याखाली आवाज तुटायला लागतो. 99 म्हणजे सिग्नल किती आहे ते गेटवेलाच कळत नाही.

अँटेनाची एक गंमत परभणीत बघितली. वायफाय राउटरचा जुना अँटेना गेटवेला फिट्ट बसला होता, आटे अगदी बरोबर. पण गेटवेच्या कनेक्टरमध्ये मधोमध भोक असतं, त्यात अँटेनाची बारीक सुई जावी लागते. राउटरच्या अँटेनाला सुईच्या जागीही भोकच! आटे बसले, सिग्नलची वाट मात्र बंद. लावण्याआधी उजेडात धरून बघा. आणि अँटेना लांब न्यायचा म्हणून पंधरा मीटर बारीक केबल ओढू नका, मिळवलेला सिग्नल केबलच खाते. त्यापेक्षा डबाच खिडकीजवळ न्या आणि ईपीएबीएक्सपर्यंत टेलिफोनची वायर ओढा, तिला अंतराचं काही वाटत नाही.

नंबर चुकीचा लागतो, किंवा उशिरा लागतो

15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लागतो. ऑपरेटरच्या बोटाला ती सवय झाली. सिमला त्या शून्याची गरज नाही. गेटवेत "दहा अंक झाले की कॉल पाठव" असा नियम असेल तर शून्य आणि पुढचे नऊच अंक जातात. शून्यानं सुरू होणारे अकरा अंक असा दुसरा नियम घाला. नियमच नसेल तर गेटवे चार-पाच सेकंद वाट बघत बसतो. बऱ्याच गेटवेत शेवटी हॅश दाबलं की तो लगेच कॉल पाठवतो.

कॉल लागला की डबा रीस्टार्ट

ॲडॅप्टर बघा. मूळचा 12 व्होल्ट 2 ॲम्पियरचा जळतो, दुकानातून 1 ॲम्पियरचा येतो. दिवे लागतात, पण सिमचं मॉड्यूल बोलताना क्षणभर जोरात करंट ओढतं आणि डबा बसतो. लाइट सारखी ये-जा करत असेल तर छोटा यूपीएस लावाच.

आयपी, म्हणजे नेटवर्कच्या केबलवर चालणारं ईपीएबीएक्स असेल आणि आवाज एकाच बाजूनं येत असेल, तर राउटरमधलं सिप एएलजी (नेटवर्कवरच्या कॉलमध्ये ढवळाढवळ करणारी सेटिंग) आधी बंद करा. बँकेच्या "एक दाबा" ला प्रतिसाद मिळत नसेल तर गेटवेमधली डीटीएमएफ (दाबलेलं बटण पुढे कळवण्याची पद्धत) आरएफसी 2833 वर ठेवा.

दोन गोष्टी कुणी सांगितल्या तरी करू नका. गेटवेचा आयएमईआय, म्हणजे डब्याचा स्वतःचा ओळख क्रमांक बदलणं हा 2023 च्या दूरसंचार कायद्याखाली गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि साध्या दहा अंकी सिमवरून जाहिरातीचे कॉल करू नका, त्यासाठी 140 नं सुरू होणाऱ्या नंबरांची मालिका आहे. तक्रारी गेल्या की नंबर बंद होतो.

सिम कुणाच्या नावावर आहे तेही आजच बघा. डाळमिलमधली दोन सिम आधीच्या मुनीमजींच्या नावावर निघाली. ते आता पुण्याला असतात, फोन उचलत नाहीत.