कुत्र्याला कुणी विष घातलं, मारलं तर तक्रार कशी करायची

आमच्या गल्लीतल्या काळूला मागच्या वर्षी कुणीतरी पावातून विष घातलं. सकाळी गटाराच्या कडेला पडलेला, तोंडाला फेस. आम्ही रडत रडत खड्डा खणला, मीठ टाकून पुरलं आणि मग चौकीत गेलो. तिथे पहिला प्रश्न, "बॉडी कुठंय? पीएम (शवविच्छेदन) कशाचं करणार?"

म्हणून पहिलं सांगतो, पुरू नका. फोटो, व्हिडिओ काढा, पावाचा तुकडा उरला असेल तर हात न लावता कागदात गुंडाळून ठेवा, 112 ला फोन करा. पोलिसांचं पत्र घेऊन सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पीएम करून घ्यायचं आणि व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवा म्हणून डॉक्टरांना आधीच सांगायचं, विषाचा पुरावा त्यातूनच मिळतो. सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांत पुसलं जातं, त्यामुळे सोसायटीच्या सेक्रेटरीला त्याच दिवशी लेखी मागा, तोंडी नको.

आता कलमांचं. चौकीत बहुतेक वेळा ऐकवतात की पन्नास रुपये दंड आहे, कशाला दिवस घालवताय. ते अर्धंच खरं आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्याच्या कलम 11 मध्ये पहिल्या वेळी दंड 10 ते 50 रुपयेच (हो, अजूनही, एवढ्यात चहा-वडापावसुद्धा धड होत नाही), तीन वर्षांत परत केलं तर 25 ते 100 रुपये किंवा तीन महिने कैद किंवा दोन्ही. बैलाला जास्त ओझं लादणं, मारझोड, आखूड साखळीला बांधून ठेवणं, सगळं यातच येतं. पण जनावर मारलं, विष घातलं किंवा लुळं-पांगळं केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागतं, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि ते दखलपात्र आहे, म्हणजे एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून घरी पाठवता येत नाही. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 428-429 मध्ये जनावराची किंमत 10 की 50 रुपये ते बघायचे, 1 जुलै 2024 पासून ती भानगड गेली.

"भटक्याला मालक कुठंय?" असं कुणी म्हणालंच तर 1960 च्याच कायद्याचं कलम 11(1)(एल) दाखवा, क्रूरपणे ठार मारण्याबद्दलच्या त्या कलमात भटक्या कुत्र्यांचा उल्लेख स्पष्ट आहे आणि तेही दखलपात्रच. अर्जात दोन्ही कलमं लिहा. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, मागून घ्या. घेतच नसतील तर अर्जावर शिक्क्याची पोच घ्या, तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने एसपींना पाठवा, तिथेही काही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे.

माकड, मोर असला तर मात्र वनविभागाला 1926 वर कळवा, त्याचा कायदा वेगळा, वन्यजीव संरक्षणाचा 1972 चा, आणि बराच कडक.

आणि हो, 1960 च्या कायद्याखालचा खटला घटनेपासून तीन महिन्यांच्या आतच दाखल व्हावा लागतो. आमचे ते तीन महिने "उद्या या, साहेब नाहीत" यातच गेले.