शर्करा शिकायच्या तर आधी ऑर्बिटल

पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमात ऑर्बिटल (अणूत इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता जिथे जास्त, तो भाग) एका टोकाला असतात आणि शर्करा पार दुसऱ्या टोकाला. मला शर्करा खऱ्या अर्थाने उमजल्या त्या ऑर्बिटलच्या वाटेने गेल्यावर, म्हणून नव्याने शिकणाऱ्याला मी हीच वाट सुचवेन.

सुरुवातीला लागतं ते थोडंच. इलेक्ट्रॉन ठरावीक वर्तुळात फिरतो हे चित्र मनातून काढून टाका. श्रोडिंगरच्या १९२६ च्या समीकरणातून कळतं ते एवढंच, की इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती. एस ऑर्बिटल गोल; पी दोन बाजूंना फुगलेलं. डी आणि एफ सध्या राहू द्या, शर्करांना त्यांची गरज नाही. कार्बनचं एक एस आणि तीन पी मिसळले की चार एसपी३ होतात, १०९.५ अंशांवर. एसबरोबर दोनच पी मिसळले तर तीन एसपी२ एका प्रतलात १२० अंशांवर येतात आणि उरलेलं पी त्या प्रतलाच्या वर-खाली पसरतं. हे उरलेलं पी लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आता ग्लुकोजची सरळ साखळी काढा. सहा कार्बनपैकी पहिला अल्डिहाइडचा, म्हणजे ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेला, म्हणजे एसपी२, म्हणजे सपाट. साखळी वळते आणि पाचव्या कार्बनवरचा ऑक्सिजन या पहिल्या कार्बनला येऊन जुळतो. सपाट कार्बनला दोन बाजू असतात. एका बाजूने जुळला तर अल्फा, दुसऱ्या बाजूने जुळला तर बीटा. उरलेल्या पीने ऑक्सिजनशी केलेला बंध, म्हणजे पाय बंध, तुटतो, कार्बन एसपी३ होतो, वलय तयार होतं. अल्फा-बीटा पाठ करणाऱ्यांना हा क्षण कधी दिसतच नाही, याची मला फार हळहळ वाटते.

पाण्यात जवळपास सगळं ग्लुकोज वलयरूपात असतं: सुमारे ३६ टक्के अल्फा, ६४ टक्के बीटा. शुद्ध अल्फा विरघळवलं तर प्रकाशाचं विशिष्ट वलन (द्रावण ध्रुवित प्रकाशाचं प्रतल किती फिरवतं त्याचं माप) +११२ अंशांवरून हळूहळू +५२.७ वर येऊन थांबतं. बीटा +१८.७ पासून चढत तिथेच पोचतं.

बीटा जास्त का? वलय सपाट नसतं, खुर्चीसारखं वळलेलं असतं; त्या आकारात बीटाचे सगळे मोठे गट बाहेरच्या अंगाला, ऐसपैस बसतात. पण नुसत्या गर्दीचा हिशोब केला तर अल्फा ३६ टक्क्यांहून बरंच कमी भरायला हवं. इथे ऑर्बिटल पुन्हा येतात. अल्फामध्ये वलयातल्या ऑक्सिजनची एकाकी (कुठल्याच बंधात नसलेली) इलेक्ट्रॉन जोडी शेजारच्या कार्बन-ऑक्सिजन बंधाच्या रिकाम्या प्रतिबंधी (इलेक्ट्रॉन आले तर बंध सैल करणाऱ्या) ऑर्बिटलच्या नेमकी रेषेत येते आणि त्यामुळे अल्फाला स्थैर्य मिळतं. याला अ‍ॅनोमेरिक परिणाम म्हणतात.

अभ्यासाच्या दृष्टीने सांगायचं तर रेणूंचे मॉडेल मिळवा आणि वलय हाताने जोडा. कागदावर खुर्ची फसवते. अल्डोहेक्सोज, म्हणजे ग्लुकोजसारख्या सहा कार्बनच्या अल्डिहाइड शर्करा, १६ आहेत, सगळे घोकू नका. ग्लुकोज पक्कं करा. मग दुसऱ्या कार्बनवर दिशा उलटली की मॅनोज, चौथ्यावर उलटली की गॅलॅक्टोज.

एवढं झालं की स्वतःला एक प्रश्न विचारा: सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, नुसत्या पाण्यात विरघळवलं तर त्याचं वलन असं का बदलत नाही? ग्लुकोजचा पहिला आणि फ्रुक्टोजचा दुसरा कार्बन एकमेकांच्या बंधात अडकलेले असतात. वलय उघडायला वाव नसतो, म्हणून तो सपाट कार्बन परत मिळत नाही.