ओढ्याच्या वाळूतले बारीक जीव कसे गोळा करावेत

ओढ्यातला दगड उलटला की चतुराची अळी दिसते. पण खरी गर्दी त्याहून खाली, वाळूच्या दाण्यांमधल्या फटींत असते: कोपेपॉड (कोळंबीचे बारीक नातलग), रोटिफर (तोंडाशी केसांचं चक्र असलेले सूक्ष्म जीव), गोलकृमी. बहुतेक एक मिलिमीटरहून लहान.

आधी जागा. मुंबईच्या दहिसर नदीचंच उदाहरण घ्या. ती बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात उगम पावते. तिथे वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय चिमूटभर वाळूही उचलू नका. खाली वस्तीत तिच्यात तबेल्यांचं शेण आणि सांडपाणी मिसळतं, तिथे हात न घातलेलाच बरा. वेळ डिसेंबर-जानेवारीची. पावसाळ्यात मुळीच नको: पाणी कधी चढेल सांगता येत नाही, शिवाय लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची भीती.

आता झिरा खणायचा. हो, गावाकडे प्यायच्या पाण्यासाठी खणतात तोच. 1930-40च्या दशकांत कारामान आणि शाप्वी या शास्त्रज्ञांनी हीच युक्ती वापरली आणि पद्धतीला त्यांचं नाव मिळालं. आपल्या आज्यांना कोण विचारतंय!

प्रवाहापासून हातभर अंतरावर, वाळू-खडीच्या काठावर खुरप्याने खड्डा करा. पाणी झिरपू लागलं की थांबा. ते मगाने उपसून बारीक जाळीतून गाळा. जाळीची भोकं मिलिमीटरच्या सोळाव्या भागाइतकी, म्हणजे साधारण 63 मायक्रॉनची हवीत. चहाची गाळणी इथे कुचकामी. स्क्रीन प्रिंटिंगच्या सामानात अशी जाळी मिळते. किती मग उपसले ते मोजा, नाहीतर दोन ठिकाणांची तुलना करता येणार नाही.

तळातली दोन मुठी वाळूही बादलीत घ्या. पाणी ओतून गरागरा ढवळा, तांदूळ रोवळतात तसं. वाळू लगेच बसते, जीव क्षणभर तरंगतात. तेवढ्यात वरचं पाणी जाळीत ओता. असं चार-पाच वेळा. चिकटून बसलेले जीव थोडं सोडावॉटर घातलं की सुस्तावून सुटतात.

जाळी उलटी करून बशीत धुवा आणि भिंगाखाली जिवंतपणीच बघा. पांढुरका ठिपका झटक्याझटक्याने उडाला, तर तो बहुधा कोपेपॉड. ठेवायचेच असतील तर 70 टक्के अल्कोहोलमध्ये. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका. मी एकदा बॉलपेनने लिहिली होती. आठवड्याने बाटलीत निळं पाणी आणि कोरा कागद.

निघताना खड्डा बुजवा.