ऑलिम्पिकच्या वर्षावनात जाताना

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानाला आरपार जाणारा एकही मोटाररस्ता नाही, ही गोष्ट बेत आखण्यापूर्वीच ध्यानात घ्यावी. मध्यभागी हिमनद्यांचे पर्वत आहेत आणि त्यांच्यापासून नद्या चाकाच्या आऱ्यांसारख्या चहूकडे उतरतात. १०१ क्रमांकाचा महामार्ग बाहेरून वळसा घालतो आणि खोऱ्यात शिरणारा प्रत्येक रस्ता पुढे जाऊन संपतो. सिॲटलची आपली मंडळी होह, क्विनॉल्ट आणि एल्व्हा ही तिन्ही खोरी एका शनिवार-रविवारात उरकायला निघतात, तेव्हा त्यांचा बहुतेक वेळ गाडीतच जातो. एका दिवसाला एकच खोरे ठेवावे, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने होह निवडावे.

सिॲटलहून होहला सुमारे चार तास लागतात, म्हणून आदल्या रात्री फोर्क्स गावात मुक्काम करणे सोयीचे असते. जुलै-ऑगस्टमध्ये वाहनतळ भरला की गाड्या प्रवेशद्वारावरच थांबवून ठेवतात, त्यामुळे सकाळी लवकर पोहोचावे. आत मोबाइलला रेंज मिळत नाही; नकाशे आधीच उतरवून घ्यावेत आणि पेट्रोल व जेवणाची सोय बाहेरच करावी. पाऊस वर्षाला सुमारे ३,५०० मिलिमीटर पडतो. आंबोली पाहिलेल्याला हा आकडा किरकोळ वाटेल, परंतु इथला पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिल या थंडीच्या महिन्यांत पडतो आणि त्यात भिजलेली जीन्स दिवसभर वाळत नाही. सुती कपडे टाळावेत. हिवाळ्यात जायचे असल्यास रस्ता सुरू असल्याची खात्री उद्यानाच्या संकेतस्थळावर करून घ्यावी, कारण डिसेंबर २०२४ मध्ये होहचा रस्ता पुराने तुटला, तो मे २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला.

बहुतेक प्रवासी ‘हॉल ऑफ मॉसेस’ ही १.३ किलोमीटरची वाट चालून, मेपलच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या शेवाळाची छायाचित्रे घेऊन परततात. माझ्या मते शेजारची १.९ किलोमीटरची ‘स्प्रूस नेचर ट्रेल’ अधिक शिकवते, कारण ती नदीपर्यंत जाते. नदीने टाकलेल्या गोट्यांवर आधी आल्डर नावाचा वृक्ष उगवतो, त्याच्या मुळांमुळे मातीत नत्र साठते, आणि पुढे त्याच जमिनीवर सिटका स्प्रूस हे सूचिपर्णी वृक्ष मोठे होतात. काठाकडून आत चालत गेले की अरण्याचे वय वाढत जाताना दिसते. कुठे मोठी झाडे एका सरळ रेषेत उभी आढळली तर त्यांच्या बुंध्यांशी वाकून पाहावे. शेवाळ आणि नेच्यांनी दाटलेल्या जमिनीवर रोपांना जागा मिळत नाही, म्हणून ती आडव्या पडलेल्या जुन्या खोडावर रुजतात. शतकांनी ते खोड कुजून जाते आणि मुळांखाली केवळ पोकळी उरते. अशा ओंडक्यांवर चढू नये, आणि देवराईतून आपण काडीही उचलत नाही, तसेच इथेही वागावे.

रूझवेल्ट एल्क हे मोठे हरीण इथे हमखास भेटते. १९०९ मध्ये या भूभागाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, त्यामागे याच प्राण्याचे रक्षण हे प्रमुख कारण होते. राष्ट्रीय उद्यान पुढे १९३८ मध्ये झाले. एल्कपासून किमान ४५ मीटर अंतर राखावे, विशेषतः शरद ऋतूत, जेव्हा नर माजावर असतात.

वेळ असल्यास होह नदीच्या वाटेने आठ किलोमीटरपर्यंत जावे. तिथवर चढ फारसा नाही. पाणी दुधाळ दिसते ते हिमनदीने दळलेल्या खडकाच्या भुकटीमुळे. उन्हाळ्यात बर्फ वितळल्याने दुपारनंतर पाणी चढते, म्हणून सकाळी सहज ओलांडलेला ओहोळ परतताना तसाच असेल असे गृहीत धरू नये. रात्रीच्या मुक्कामाला परवाना लागतो.

दुसऱ्या खेपेस एल्व्हा पाहावे. तिथली दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात पाडली गेली. मोकळ्या नदीने रस्ताही वाहून नेला, त्यामुळे मॅडिसन धबधब्यापासून पुढे पायी किंवा सायकलने जावे लागते. ग्लाइन्स कॅनियन धरणाच्या उरलेल्या सांडव्यावर उभे राहिले की जुन्या जलाशयाचा तळ दिसतो, आणि त्यावर होहच्या काठावर पाहिलेला तोच आल्डर कोवळा उभा असतो.