स्कूल सायकॉलॉजी करू का स्कूल सोशल वर्क? मराठवाड्यातल्या पोरापोरींनी हे कसं ठरवावं

बीएच्या शेवटच्या वर्षाला असलेली पोरं-पोरी दरवर्षी हेच विचारायलीत, की शाळेतल्या लेकरांसाठी काम करायचंय तर एमए सायकॉलॉजी करू का एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची मास्टर्स, आणि बहुतेकांना उत्तर मिळतं ते "ज्याला स्कोप आहे ते कर" असलं काहीतरी. स्कोप बघायलाच पाहिजे, खाली सांगितलाय, पण तो नंतर बघा. आधी ही दोन कामं नेमकी काय आहेत ते एकाच लेकराच्या बाबतीत शेजारी-शेजारी ठेवून बघा, कारण नावावरून काहीच कळत नाही, शाळेत तर दोघांनाही "काउन्सेलर मॅडम"च म्हणतात.

१. एकच लेकरू, दोन कामं

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या तांड्यावरचा सहावीतला मुलगा धरा. गुरुजी म्हणतात याला वाचताच येत नाही. फळ्यावरचं बघून वहीत सुरेख उतरवतो, पण तेच वाच म्हटलं की मान खाली.

सायकॉलॉजिस्ट त्याला शांत खोलीत बसवून दुसरीचं पुस्तक समोर ठेवील. "घर"ला "धर" वाचतो का, जोडाक्षर आलं की पहिलं अक्षर बघून अंदाजानं शब्द ठोकून देतो का, बोट कुठं अडतं, हे सगळं टिपून घेईल. मग तोंडी विचारील, तीन किलो टमाटे वीस रुपये किलोनं घेतले, शंभरची नोट दिली, किती परत येतील? मुलगा फटकन "चाळीस" म्हणतो. म्हणजे डोकं चालतंय, अडचण अक्षरातच आहे. मग बुद्ध्यांकाची चाचणी, आपल्याकडं बिने-कामत किंवा नागपूरला डॉ. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बसवलेली चाचणी वापरतात, शिवाय वाचन-लेखन-गणिताच्या वेगळ्या चाचण्या. मार्क मोजायचे, अर्थ लावायचा आणि शेवटी रिपोर्ट लिहायचा, जो पालकांना आणि गुरुजींना कळला पाहिजे.

सोशल वर्कर पहिल्यांदा हजेरीपट काढील. त्यात दिसतं की तिसरीपासून दरवर्षी दिवाळी झाली की लेकरू गायब, ते थेट गुढीपाडव्याच्या आसपास परत. आई-बाप कोयत्यावर म्हणजे ऊसतोडीला जातात, मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही, आणि लेकरू फडात वाढं गोळा करतं नाहीतर खोपीत धाकट्याला सांभाळतं. मग सोशल वर्कर घरी जाईल, आजीशी बोलील, आजी मुलाला ठेवून घ्यायला तयार आहे का, गावात हंगामी वसतिगृह मंजूर झालंय का, नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीनं प्रस्ताव टाकलाय का, केंद्रप्रमुखांना कधी भेटायचं, हे सगळं.

आता मुद्दा असा, की नीट शिकायलाच मिळालं नाही म्हणून वाचता येत नसेल तर त्याला एलडी म्हणजे अध्ययन अक्षमता म्हणता येत नाही, निदान करतानाच ही शक्यता आधी वगळावी लागते. म्हणजे सोशल वर्करच्या हजेरीपटाशिवाय सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट चुकू शकतो. पण पुढं ऐका. त्याच मुलाची धाकटी बहीण, तीही दरवर्षी त्याच कारखान्यावर गेली, त्याच खोपीत राहिली, आणि ती धडाधड वाचते. मग नुसतं स्थलांतराचं कारण सांगून चालत नाही, चाचणी करावीच लागते, नाहीतर वसतिगृहात जागा मिळूनही मुलगा सातवीत तसाच बसून राहील.

हा परिच्छेद वाचताना तुमचं मन कुठं अडकलं ते बघा. "घर"चं "धर" का होतं हे खोदून काढावंसं वाटलं, का आजीला कसं तयार करायचं याचा विचार डोक्यात सुरू झाला? माझ्या मते निर्णयाचा निम्मा भाग इथंच होतो. दोन्ही आवडणारे पुष्कळ भेटतात, त्यांनी स्वतःला एवढंच विचारावं, की दमून आल्यावर, संध्याकाळी सहा वाजता, यातलं कोणतं काम तरीही करावंसं वाटेल.

२. डिग्री कशाचा हक्क देते ते नीट समजून घ्या

इथं फार लोक फसतात म्हणून जरा सविस्तर सांगते.

सायकॉलॉजीत एमए केलं म्हणजे तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, तिच्या मान्यतेचा कोर्स आणि तिथली नोंदणी लागते, १९९२ च्या कायद्यानं. इतकी वर्षं हा कोर्स म्हणजे दोन वर्षांचं एम.फिल. होतं, पण नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद होत चाललंय आणि आरसीआय दुसरे कोर्स आणतंय, म्हणून सीनियरनं काय केलं यावर जाऊ नका, तुम्ही ज्या वर्षी अॅडमिशन घेणार त्या वर्षीची यादी आरसीआयच्या साइटवर स्वतः बघा. एमएवर शाळेत काउन्सेलर होता येतं, पण निदानाचा अधिकृत रिपोर्ट कोण सही करू शकतं हे वेगळं, आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र तर सरकारी दवाखान्याच्या बोर्डाकडूनच यूडीआयडी या सरकारी पोर्टलवरून मिळतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात एलडी आहे. दहावीच्या लेकराला जादा वेळ किंवा लेखनिक मिळवून द्यायचा असेल तर हा सगळा रस्ता पाठ पाहिजे.

एमएसडब्ल्यूचं तसं नाही. कोणत्याही शाखेचा ग्रॅज्युएट सहसा अर्ज करू शकतो, आणि कोर्स चालू असतानाच आठवड्यातून साधारण दोन दिवस फील्डवर्क असतं, म्हणजे डिग्री हातात येईपर्यंत तुम्ही पोलीस स्टेशन, बालकल्याण समिती, तहसील, अंगणवाडी सगळं पालथं घातलेलं असतं. फक्त मानसिक आरोग्याच्या दवाखान्यात सायकियाट्रिक सोशल वर्कर व्हायचं असेल तर तिथंही एमएसडब्ल्यूच्या वरचं वेगळं शिक्षण लागतं, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात त्याची व्याख्याच दिलीय.

आणखी एक. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदा आला, त्याच्या यादीत क्लिनिकल सोडून बाकीचे सायकॉलॉजिस्टही आहेत आणि सोशल वर्करही. म्हणजे पुढं दोघांनाही नोंदणीचा विषय येणार, त्यामुळं मार्कशीट, फील्डवर्कचे दाखले, इंटर्नशिपचे तास याची फाइल पहिल्या दिवसापासून सांभाळा.

३. कॉलेज निवडताना काय विचारायचं

जवळ बघायचं तर संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आणि त्यांना जोडलेली कॉलेजं. सोशल वर्कसाठी तुळजापूरला टाटा इन्स्टिट्यूटचा कॅम्पस आहे आणि ज्यांना खेड्यातच काम करायचंय त्यांनी मुंबई-पुण्याच्या आधी तुळजापूरचा विचार करावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण फील्डवर्कला तुमच्यासमोर जे गाव येईल ते तुमचंच असेल. इग्नूतून दोन्ही विषयांत एमए-एमएसडब्ल्यू करता येतं, नोकरी करत शिकणाऱ्यांना ते बरं पडतं, पण चाचण्यांचा हात बसायला समोर बसून शिकवणारं कुणीतरी लागतंच.

सायकॉलॉजीच्या विभागात गेलात की एकच विचारा, इथं लहान लेकरांच्या चाचण्या प्रत्यक्ष लेकरांवर करायला मिळतात का, का प्रॅक्टिकल जर्नल उतरवून काढायचं? समाजकार्य कॉलेजात विचारा, फील्डवर्क कोणत्या संस्थेत आणि आठवड्याला गाठ घेणारे सुपरवायझर कोण. आणि हे प्राध्यापकांना विचारू नका, शेवटच्या वर्षाच्या पोरांना कँटीनमध्ये विचारा.

४. नोकरीचं खरं चित्र

जिल्हा परिषदेच्या शाळेत ना सायकॉलॉजिस्टची पोस्ट ना सोशल वर्करची, हे डोक्यात पक्कं ठेवा. काम आहे ते असं विखुरलेलं:

सीबीएसई शाळांना काउन्सेलर ठेवावा लागतो, त्यामुळं संभाजीनगर, लातूर, नांदेडला जागा निघतात आणि तिथं सायकॉलॉजीवाल्यांना पहिली पसंती. जिल्हा रुग्णालयातल्या लवकर निदान केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, दोघांच्याही पोस्ट असतात. जिल्हा बाल संरक्षण कक्षात सोशल वर्कर आणि काउन्सेलर दोन्ही लागतात, मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत या कक्षातल्या काउन्सेलरचं आणि सोशल वर्करचं, दोघांचंही मानधन महिन्याला १८,५३६ धरलंय, दोन्ही कंत्राटी. घरच्यांशी बोलताना हे आकडे लपवू नका. बाकी ऊसतोड, बालविवाह, शाळाबाह्य मुलं यावर काम करणाऱ्या संस्था आहेत, तिथं एमएसडब्ल्यूला जास्त विचारतात.

आता एक महत्त्वाचं. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २५ जुलै २०२५ ला मार्गदर्शक सूचना दिल्या, की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेनं, कोचिंग क्लाससकट, किमान एक काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर नेमावा, आणि त्याचं लेकरांच्या-किशोरांच्या मानसिक आरोग्याचं ट्रेनिंग झालेलं असावं. बघा, कोर्टानं तिघांना एका ओळीत धरलंय. म्हणजे तुमची डिग्री कोणती यापेक्षा ते ट्रेनिंग तुमच्याकडं आहे का हे विचारलं जाणार. लातूरला नीटच्या क्लासेससाठी गावोगावची पोरं खोल्या करून राहतात, सतरा-अठरा वर्षांचं लेकरू, घरी जमीन विकून फी भरलेली, टेस्टमध्ये मार्क पडले की फोनवर काय सांगावं कळत नाही. या पोरांसाठी माणसं आत्ता पाहिजेत आणि ज्याला परीक्षेचा ताण आणि आत्महत्येचा धोका ओळखायला शिकायचंय त्यानं सायकॉलॉजीकडं जावं, मला यात शंका वाटत नाही.

पण आठवी-नववीतल्या मुलींच्या शाळागळतीवर काम करायचं असेल तर माझं मत उलटं आहे. बीड-परभणीतलं बालविवाहाचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्याच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट दिसतं. पोरगी अचानक गप्प झाली, हातावर मेंदी, दोन दिवस गैरहजर. इथं चाचणी काय करणार? ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, हा गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो हे माहीत पाहिजे, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करायची हिंमत पाहिजे, आणि लग्न थांबल्यावर तीच पोरगी त्याच घरात राहणारे हे लक्षात ठेवून तिच्या आईला विश्वासात घेता आलं पाहिजे. हे सोशल वर्कचं काम आहे.

५. फॉर्म भरायच्या आधी स्वतःला तपासा

सुट्टीत जवळच्या एखाद्या संस्थेत किंवा शाळेत रीतसर परवानगी काढून आठवडाभर नुसतं बसा. सायकॉलॉजीकडं कल असेल तर एका लेकराचं अर्धा तास निरीक्षण करा आणि दोन पानं लिहा, त्यात "हुशार", "मस्तीखोर", "आळशी" असले शब्द न वापरता फक्त काय दिसलं ते. चार तास टेबलावर बसून लिहायचा कंटाळा येत असेल तर पुढं अवघड आहे, कारण या कामात रिपोर्ट लिहिण्यात फार वेळ जातो.

सोशल वर्ककडं कल असेल तर एखाद्या वर्करबरोबर एक होम व्हिजिट आणि एक सरकारी ऑफिस करा. दारातून कुणी परत लावलं, साहेब मीटिंगला गेलेत म्हणून तीन वाजेपर्यंत बसावं लागलं, तरी दुसऱ्या दिवशी जावंसं वाटतं का ते बघा.

आणि दोघांनाही चुकणार नाही अशी एक गोष्ट. लेकरू विश्वासानं सांगतं की घरात किंवा शाळेत कुणीतरी वाईट हात लावतंय. पॉक्सो कायदा २०१२ प्रमाणं हे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळा "प्रकरण वाढवू नका" म्हणत असली तरी. "कुणालाच सांगणार नाही" असं वचन लेकराला कधी द्यायचं नसतं, हे पहिल्या दिवशी शिकून घ्या.

६. एक निवडलं म्हणजे दुसरं बंद नाही

एमएसडब्ल्यू करून एनसीईआरटीचा गायडन्स आणि काउन्सेलिंगचा डिप्लोमा करता येतो, त्यानं शाळेत काउन्सेलर म्हणून दार उघडतं. एमएवाल्यांनी निदान एक उन्हाळा तरी फील्डवर काढावा, नाहीतर रिपोर्टमध्ये "घरी शांत जागेत अभ्यास घ्यावा" असं लिहिलं जातं आणि घर एका खोलीचं असतं.

परदेशाचा विचार करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा, की अमेरिकेत ही दोन पूर्ण वेगळी लायसन्स आहेत. स्कूल सायकॉलॉजिस्टला ग्रॅज्युएशननंतर साधारण तीन वर्षांचा स्पेशालिस्ट कोर्स आणि त्यात १२०० तासांची इंटर्नशिप, तर स्कूल सोशल वर्करला बहुतेक राज्यांत दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू. तिथल्या ब्लॉगवरचे पगार बघून इथला कोर्स निवडू नका.

शेवटी कागदपत्रं. तुळजापूरची अॅडमिशन सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेतून होते, फॉर्म डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सुटतात, बीएच्या निकालाची वाट बघत बसलात तर वर्ष गेलं. नॉन-क्रिमिलेयरची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून एप्रिल लागला की लगेच सेतूवर अर्ज टाका, जूनमध्ये तिथं उभं राहायला जागा नसते, आणि महाडीबीटीची स्कॉलरशिप त्याच कागदावर अडकते.