साठ हजाराची पुडी आणि कॅल्शियमची गोळी कशी घ्यावी

अमळनेरला माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरवर सगळ्यात जास्त घोळ साठ हजाराच्या पुडीचा, म्हणजे साठ हजार युनिट व्हिटॅमिन डीचा. ती आठवड्याला एक, बहुधा 8 आठवडे. पुढे डॉक्टर सांगतील तशी. गुडघे दुखतात म्हणून मनानेच वर्षभर रेटली, तर डी चरबीत साठत जातं, आतडी जास्त कॅल्शियम ओढतात आणि ते रक्तात वाढतं. मग तहान, बद्धकोष्ठ, मळमळ, सारखी लघवी. आता मे महिन्यात खानदेशात तहान कोणाला नसते? म्हणून रक्त तपासा.

रिपोर्टात डी 20 च्या (ng/mL) खाली असेल तर कमी. 100 च्या वर गेलं तर पुडी थांबवून डॉक्टर गाठा. रक्तातलं कॅल्शियम साधारण 8.5 ते 10.5 (mg/dL) असतं, पण ते नॉर्मल आलं म्हणजे हाडं मजबूत, असं नाही. रक्तात कमी पडलं की गळ्यातली पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून काढून भरते.

गोळीच्या पाकिटावर कॅल्शियम कार्बोनेट 1250 मिलीग्रॅम लिहिलं असेल तर त्यात कॅल्शियम 500. ही गोळी जेवणासोबत घ्या, एका वेळी एकच. रक्तवाढीची (लोहाची) गोळी तिच्यासोबत नको. थायरॉइडच्या गोळीपासून 4 तास अंतर हवंच.

गिऱ्हाईक विचारतं, “मुतखडा शे, आते दूध बंद करू का?” नका करू! बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. जेवणातलं दूध-दही पालक-शेंगदाण्यातलं ऑक्झलेट आतड्यातच धरून ठेवतं. दूध तोडलं की तेच मूत्रपिंडाकडे जातं. तोडायचंच तर मीठ तोडा, कारण मिठासोबत लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं. ठेचा, शेव, पापड, लोणचं... आपल्याकडे हे जड जातं, ठाऊक आहे. बोअरच्या पाण्याला सगळे नावं ठेवतात, पण पाणी कमी पिणं हा मोठा दोष. दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं प्या. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

धमन्यांतलं कॅल्शियम ‘साफ’ करणारी म्हणून विकली जाणारी व्हिटॅमिन के-2 ची गोळी मी स्वतःहून कोणाला देत नाही. तसं ठाम सिद्ध झालेलं नाही, आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर व्हिटॅमिन के त्याचा परिणाम कमी करतं.

दुकानात येताना घरातली सगळी पाकिटं आणा. हाडांच्या आणि ताकदीच्या गोळीतही बऱ्याचदा डी असतं.