तोफगोळा भरीव की कुलपी?

गडावर किंवा शेतात गंजका लोखंडी गोळा सापडला, तर उचलण्याआधी नीट न्याहाळा. बोटभर भोक किंवा त्यात बसवलेलं बूच दिसलं, तर तो कुलपी, म्हणजे पोकळ, फुटणारा गोळा असू शकतो. आत दारू, भोकात वात. जुनी काळी दारू ओली होऊन वाळली तरी पेटते, म्हणून घासायचं नाही, ड्रिल तर नकोच. लांब व्हा, पोलिसांना कळवा.

भोक नसेल तर तो साच्यात ओतलेला गोळा आहे का ते पाहा: साच्याची बारीक शिवण आणि लोखंडाचा रस ओतल्याची चपटी खूण शोधा. गंजात त्या बुजतातही. बिडाचा भरीव १० सेंमीचा गोळा साधारण पावणेचार किलो भरतो. बराच हलका लागला, तर पोकळ समजा आणि तिथेच ठेवा. बाकी, पुष्कळ ‘ऐतिहासिक’ गोळे निघतात सिमेंट कारखान्याच्या चक्कीतले!